आधी घरच्यांना कळू द्या

२३ नोव्हेंबर २०२२ ची रात्र. विक्रम गोखले गेल्याची बातमी माझ्या फोनवर चार ग्रुपांतून आली. आमच्या नाटकवेड्या मंडळींच्या ग्रुपवर तर बघता बघता मेसेजची रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली, ॐ शांती, जोडलेले हात. कुणाला ‘बॅरिस्टर’ आठवलं, कुणाला ‘अग्निहोत्र’. मीही दोन ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या. खात्री केली नाही. आयुष्यातली वीस वर्षं वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत बातम्या तपासण्यात घालवूनही केली नाही, याची टोचणी अजून आहे.

गोखले त्या वेळी पुण्यातच, दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात होते. प्रकृती गंभीर होती, व्हेंटिलेटर लावलेला होता, पण ते जिवंत होते. त्यांच्या पत्नी वृषाली गोखले यांना वृत्तसंस्थेशी बोलून तसं सांगावं लागलं. २५ तारखेला रुग्णालयाने कळवलं, की त्यांनी डोळे उघडले, हातपाय हलवले. तोवर सिनेमा-नाटकातल्या नामवंतांच्या श्रद्धांजल्या येऊनही गेल्या होत्या आणि पुसल्याही गेल्या होत्या.

‘सांगावं लागलं’ या दोन शब्दांपाशी मी अडतो. अतिदक्षता विभागाबाहेरचा पॅसेज ज्याने पाहिला आहे, त्याला कळेल. ओळीने खुर्च्या, पायाशी थर्मास आणि रिपोर्टांची पिशवी, दार किलकिलं झालं की एकदम उठणारी माणसं. नर्सने आडनाव पुकारलं की पोटात गोळा येतो. आत एका वेळी एकालाच सोडतात. बाहेर थांबलेल्याच्या हातात फोन असतो, कारण औषधाच्या दुकानातून, रक्तपेढीतून, डॉक्टरांकडून कधीही फोन येईल. आणि त्याच फोनवर लोक सांत्वन करू लागतात. ‘फार वाईट झालं हो. कधी नेणार आहेत?’ आत माणूस श्वास घेतो आहे. बाहेर बसलेल्या बायकोने, मुलीने या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

असं पुन्हा पुन्हा घडलं आहे. ‘डोंबिवली फास्ट’चे दिग्दर्शक निशिकांत कामत हैदराबादच्या रुग्णालयात होते. १७ ऑगस्ट २०२० ला सकाळीच ते गेल्याची बातमी फिरली. रितेश देशमुख यांनी लिहिलं, की ते व्हेंटिलेटरवर आहेत, हयात आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. त्याच दिवशी दुपारी चारनंतर कामत खरोखर गेले. मधले ते काही तास त्यांच्या माणसांचे होते. ते आपण हिसकावून घेतले. त्याच महिन्यात माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात असताना त्यांच्या मुलाला आणि मुलीला, वडील जिवंत आहेत हे जाहीर करावं लागलं होतं. ते गेले ३१ ऑगस्टला, म्हणजे त्या अफवेनंतर अडीच आठवड्यांहून अधिक काळाने.

लतादीदींचं काय झालं आठवा. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या ब्रीच कँडीत दाखल झाल्या आणि लोकांनी निरोपाचे लेख लिहायला घेतले. दीदी डिसेंबरात बऱ्या होऊन घरी आल्या, त्यानंतर दोन वर्षांहून अधिक जगल्या. धर्मेंद्र यांच्या बाबतीत तर ११ नोव्हेंबर २०२५ ला मोठमोठ्या वाहिन्यांनी आणि संकेतस्थळांनी बातमी देऊन टाकली. ईशा देओल यांनी वडील बरे होत असल्याचं लिहिलं, हेमामालिनींनी हे अक्षम्य असल्याचं सुनावलं, आणि घराबाहेर ठाण मांडलेल्या कॅमेऱ्यांसमोर सनी देओल संतापून हात जोडताना दिसले. धर्मेंद्र घरी आले होते. त्यांचं निधन २४ नोव्हेंबरला झालं. मृत्यू जवळ आलेला होता म्हणून त्याची घाई करायला आपल्याला मुभा मिळते का? मला तर उलट वाटतं. दिवस थोडे उरलेले असतात, तेव्हा त्यातला एकेक त्या घराला हवा असतो.

मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, असं आपल्याकडे म्हणतात. भीती घालवण्यासाठी आजीने नातवाच्या डोक्यावरून हात फिरवावा, तसा हा समज आहे. ज्याच्याबद्दल बातमी उठली त्याला तो धीर देतो. बातमी उठवणाऱ्याला त्यातून माफी मिळत नाही.

खरं तर अशी बातमी कशी द्यायची, हे आपल्या माणसांना चांगलं ठाऊक होतं. गावाकडे वडील गेले तरी मुंबईच्या मुलाला तार जायची ती ‘फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ अशी. सगळ्यांना त्याचा अर्थ कळायचा, तरी लिहिलेलं तेवढंच असायचं, कारण त्याला रात्रभर एसटीने एकट्याने यायचं असे. फोन आले तेव्हाही ‘तब्येत जरा जास्त आहे, निघून ये’ एवढंच सांगायचे आणि सोबत कोण येतंय ते विचारायचे. दुःखाचं कार्ड आलं तर ते वाचून लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. आधी कुणाला कळवायचं, म्हातारीला कुणी सांगायचं, पोरांना कधी सांगायचं, हे घरातलं जाणतं माणूस ठरवायचं. बाकीचे दारात उभे राहून त्याच्या तोंडाकडे पाहत असत. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. त्या तारेतला सांभाळून सांगण्याचा शहाणपणा मात्र आपण त्याच्या कितीतरी आधी सोडून दिला होता.

जुन्या काळी चुका झाल्या नाहीत असं नाही. सगळ्यात मोठी चूक तर लोकसभेत झाली. २२ मार्च १९७९ ला पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी सभागृहात जयप्रकाश नारायण यांच्या निधनाची घोषणा केली. आकाशवाणीवरूनही ती बातमी गेली. जयप्रकाशजी तेव्हा मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते आणि जिवंत होते. ते ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात गेले. पण ती चूक देशाने वर्षानुवर्षं लक्षात ठेवली. आता तशीच चूक एखाद्या मंगळवारी होते आणि गुरुवारपर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाही.

वर्तमानपत्रात मोठ्या माणसांचे मृत्युलेख आधीपासून लिहून ठेवतात, हे वाचकांना विचित्र वाटेल. ती गरजेची गोष्ट आहे. रात्री साडेबाराला बातमी आली आणि पान एकला सोडायचं असेल, तर साठ वर्षांचं काम अर्ध्या तासात नीट मांडता येत नाही. आमच्याकडे अशा लेखांचं एक पाकीट कपाटात असायचं आणि किल्ली वृत्तसंपादकाकडे. बातमी आली की पहिला प्रश्न एकच, ‘कुणी सांगितलं?’ घरच्यांनी, डॉक्टरांनी की पोलिसांनी, यांपैकी एकाचं नाव मिळेपर्यंत पाकीट उघडायचं नाही. ‘वाहिनीवर दाखवतायत’ हे उत्तर चालत नसे. याच तयारीचा बांध संगणकामुळे कसा फुटतो ते एप्रिल २००३ मध्ये दिसलं. सीएनएनच्या संकेतस्थळावर नेल्सन मंडेला, फिडेल कॅस्ट्रो अशा अनेकांचे तयार मृत्युलेख कुणालाही उघडता येतील असे राहून गेले होते. मंडेला त्यानंतर दहा वर्षं जगले, कॅस्ट्रो तेरा.

आता तर प्रत्येकाच्या खिशात पाकीट आहे आणि किल्ली कुणाकडेच नाही. श्रद्धांजलीचे साचे मोबाइलमध्ये तयार मिळतात. काळी पार्श्वभूमी, समई, पांढरी फुलं, मधे फोटोची जागा. फोटो टाकला, नाव टाकलं की झालं. खाली कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा हसरा किंवा हात जोडलेला फोटो आधीपासून बसवलेलाच असतो. कित्येकदा तो गेलेल्या माणसाच्या फोटोपेक्षा ठळक असतो. चौकातल्या फ्लेक्सची ही सवय फोनमध्ये आली आणि तिने शोकाचंही रूपांतर हजेरीत केलं. मी पहिला, माझी श्रद्धांजली सगळ्यांच्या आधी. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेकांचं त्या कलावंतावर, त्या नेत्यावर खरोखर प्रेम असतं.

अशा बातमीला पाय कुठून फुटतात, यावर अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतल्या तीन संशोधकांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी पाहिल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. यात यंत्रांचा हात फार नव्हता. पाठवणारी हाडामांसाची माणसं होती, आणि त्यांना ओढणारी गोष्ट म्हणजे नवेपणा. व्हॉट्सअ‍ॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली, ती मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांमुळे. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं होतं. तिथे अफवेने जीव घेतले. श्रद्धांजलीच्या अफवेत कुणी मारलं जात नाही, म्हणून आपण ती किरकोळ समजतो.

किरकोळ ती नसते. श्रेयस तळपदेला डिसेंबर २०२३ मध्ये हृदयविकाराचा मोठा झटका आला होता. त्यातून तो वाचला, कामाला लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये कुणीतरी तो गेल्याची पोस्ट फिरवली. त्याने स्वतः लिहून कळवलं, की तो जिवंत आहे, आनंदात आहे. त्या लिहिण्यात त्याच्या लहान मुलीचा उल्लेख होता. ती आधीच बाबांच्या तब्येतीच्या काळजीत असते, पुन्हा पुन्हा विचारत राहते, आणि अशा बातम्यांनी तिची भीती वाढते. शाळेत जाणारी मुलगी. मधल्या सुट्टीत तिला कुणी काय विचारलं असेल, ही कल्पना माझ्या डोक्यातून जात नाही.

सोनाली बेंद्रेची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जुलै २०१८ मध्ये तिने स्वतः आपल्या कॅन्सरबद्दल लिहिलं, स्वतःच्या शब्दांत, स्वतः निवडलेल्या दिवशी. आजाराने माणसाच्या हातातून सगळं जातं, तेव्हा निदान सांगणं आपल्या हातात राहावं, एवढंच तिला हवं असावं. सप्टेंबरात महाराष्ट्रातल्या एका आमदाराने तिला श्रद्धांजली वाहिली. ती तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उपचार घेत होती. नवरा गोल्डी बहल याने लोकांना विनवलं, की समाजमाध्यमं जबाबदारीने वापरा, अफवा पसरवू नका. सोनाली बरी झाली, पुन्हा कामाला लागली.

चूक झाल्यावर काय करायचं, याचा एक नमुना एप्रिल २०२१ चा. चिपळूणच्या माहेरवाशीण आणि इंदूरच्या आठ वेळच्या खासदार सुमित्राताई महाजन गेल्याचं शशी थरूर यांनी रात्री लिहिलं. ताई ठणठणीत होत्या. थरूर यांनी पोस्ट काढली, जाहीर माफी मागितली आणि त्यांच्या मुलाशी बोलून दिलगिरी कळवली. ताईंचा सवाल वाहिन्यांना होता: इंदूरच्या प्रशासनाला साधं विचारूनही का घेतलं नाही? आपण बहुतेक जण चुकीचा मेसेज गुपचूप पुसतो. ज्यांनी तो वाचून पुढे पाठवला त्यांच्याकडे तो तसाच राहतो. जिथे चुकीचं लिहिलं तिथेच, त्याच माणसांसमोर, ‘मी चुकलो, ते हयात आहेत’ असं लिहावं लागतं. गोखल्यांच्या बातमीच्या त्या रात्री मी तसं लिहिलं. बोटं जड झाली होती.

या सगळ्यावर कायदा करा, असं कुणी म्हणालं की मला पालघर आठवतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले. मुंबई का बंद ठेवायची, असं फेसबुकवर लिहिणाऱ्या एका तरुणीला आणि ते आवडल्याची खूण करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या कलमाचा तिथे वापर झाला, ते ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्या पोस्टमध्ये शिवी नव्हती, प्रश्न होता. प्रश्न विचारणं म्हणजे अनादर, असं मानलं की मोठ्या माणसाविषयी खरं बोलायची सोयच राहत नाही. आचार्य अत्र्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंना किती झोडपलं! त्याच अत्र्यांनी १९६४ मध्ये नेहरू गेल्यावर लिहिलेले लेख ‘सूर्यास्त’ या पुस्तकात आहेत. वैर किती टोकाचं होतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी ते मुद्दाम वाचावेत. आज आपल्याला न पटणाऱ्या नेत्याच्या निधनाच्या बातमीखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग दिसते, तेव्हा मला ते पुस्तक आठवतं.

विक्रम गोखले २६ नोव्हेंबरला गेले. ज्या घराण्यातल्या दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पडद्यावर आल्या, त्या घराण्यातले ते. त्यांचा ‘गोदावरी’ चित्रपट जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी प्रदर्शित झाला होता. दुपारी आमच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली. बराच वेळ काहीच आलं नाही. मग एका ज्येष्ठ नटाचा मेसेज आला, ‘नक्की ना?’ त्याखाली आणखी एकाचा, ‘रुग्णालयाने सांगितलंय का?’ संध्याकाळी बालगंधर्वला त्यांना ठेवलं होतं, तिथे जाऊन आलेल्याने ‘पाहून आलो’ एवढं लिहिलं. त्यानंतर मी लिहिलं. तीन दिवसांपूर्वीच्या त्याच दोन ओळी मनात होत्या, पण त्या वापरता आल्या नाहीत.