सहा पट की तीन पट?

समांतर प्रोलॉगवरचा लेख हाती आला की मी आलेख नंतर पाहतो. वेग मोजताना भागाकार कोणत्या वेळेचा केला, ते आधी शोधतो. कोल्हापुरात मुलांना प्रोलॉग शिकवताना माझा सगळा आग्रह याच एका गोष्टीचा असतो.

प्रोलॉग ही संगणकभाषा 1972 च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेयला जन्मली. तिच्यात आपण फक्त नियम सांगायचे, उत्तर संगणकाने शोधायचे. कोल्हापूरहून कोकणात कुठून उतराल? आंबा घाट, गगनबावडा, राधानगरीवरून फोंडा घाट, आजऱ्यावरून आंबोली. साधी प्रोलॉग आंब्यापासून सुरुवात करते, दरड आडवी आली की मागे फिरते आणि पुढचा नियम धरते. चार प्रोसेसर असले तर चारही वाटा एकदम धुंडाळता येतात. ही 'किंवा' समांतरता. घाट आणि मुक्काम एकाच वेळी शोधणे ही 'आणि' समांतरता. पण मुक्कामाचं गाव घाटावरच ठरत असेल, तर एकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागतं.

खरी अडचण साठवणुकीची आहे. 'घाट' या एकाच चलाची चौघांकडे चार वेगवेगळी उत्तरं असतात, ती ठेवायची कुठे? ऑरोरा या प्रणालीने प्रत्येक प्रोसेसरला त्याच्या किमतींचा स्वतंत्र तक्ता दिला, म्हणून चल वाचताना दर वेळी थोडा जादा वेळ जातो. स्वीडनच्या म्यूझने काम वाटून घेताना आधीची स्थितीच नकलून दिली. तिथे चल वाचणं स्वस्त, पण कामं बारीक असली की नकलांचाच खर्च डोईजड होतो. दोन्ही प्रणाली सिक्स्टस प्रोलॉगवर उभ्या होत्या आणि सिक्वेंट सिमेट्री यंत्रावर चालल्या. पाया आणि यंत्र एकच, म्हणून ही तुलना मला मोलाची वाटते.

चाचणीही पारखून घ्यावी लागते. एकच उत्तर हवं असेल आणि फक्त आंबोली खुली असेल, तर चौघांतल्या एकाला ती लगेच सापडते. एकट्याला आधीच्या तिन्ही वाटा संपवाव्या लागतात. मग चार प्रोसेसरवर वेग चारपटीहूनही जास्त दिसतो. हा नियमांच्या क्रमाचा प्रताप. म्हणून सगळी उत्तरं काढायला लावून वेळ मोजावा.

या विषयातलं एक नाव मी वर्गात आवर्जून घेतो: इलिनॉय विद्यापीठाचे लक्ष्मीकांत काळे. 1985 मध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या काळे यांनी 'रिड्यूस-ऑर' प्रतिमानात दोन्ही समांतरता एकत्र बांधल्या. त्या कामातून चेअर कर्नल आणि पुढे चार्म++ ही समांतर प्रणाली उभी राहिली. रेणूंच्या हालचाली मोजणारी नॅमडी ही आज्ञावली तिच्यावरच चालते.

आता तो भागाकार. समजा, उत्तम साधी प्रोलॉग एक काम 60 सेकंदांत करते. समांतर प्रणालीला तेच काम एका प्रोसेसरवर 120 सेकंद लागतात आणि आठांवर 20. लेखात 'सहा पट' छापून येतं, कारण 120 ला 20 ने भागलेलं असतं. ज्याला उत्तर हवं आहे, त्याच्या पदरात तीनच पट पडते. माझ्या विद्यार्थ्यांच्या तक्त्यात पहिला रकाना साध्या प्रोलॉगच्या वेळेचा असतो. तो रिकामा असेल तर प्रकल्प मी तपासायला घेत नाही.