जुन्या चित्रपटातले दुर्मिळ गाणे कसे शोधावे? ‘द विकर मॅन’चे उदाहरण

जुन्या चित्रपटातले एखादे गाणे आवडते, पण ते कुठल्याच ॲपवर मिळत नाही, असा अनुभव तुम्हाला आला असेल. अशा वेळी आपण गाण्याचे नाव वेगवेगळ्या प्रकारे टाइप करत राहतो. त्याऐवजी असा प्रश्न विचारा: हे गाणे आज कोणत्या वस्तूवर शिल्लक असू शकेल? एका प्रत्यक्ष उदाहरणावरून हे समजून घेऊ.

१. उदाहरण

‘द विकर मॅन’ हा रॉबिन हार्डी यांनी दिग्दर्शित केलेला ब्रिटिश चित्रपट १९७३ साली प्रदर्शित झाला. बेपत्ता मुलीच्या शोधात स्कॉटलंडमधल्या एका काल्पनिक बेटावर गेलेल्या पोलिसाची ही कथा आहे. पॉल जोव्हानी यांनी यातली गाणी लोकसंगीताच्या धाटणीने बांधली. पुढे या चित्रपटाला निष्ठावान प्रेक्षक मिळाले, पण गाण्यांची तबकडी त्या वेळी निघालीच नव्हती. पहिला अल्बम यायला १९९८ साल उजाडले, म्हणजे तब्बल २५ वर्षे लागली.

२. गाणे कुठे कुठे असते?

चित्रपटातले एकच गाणे साधारण चार ठिकाणी असू शकते:

(अ) स्टुडिओतली मूळ टेप.
(आ) संगीत आणि ध्वनिपरिणामांची पट्टी. चित्रपट दुसऱ्या भाषेत डब करता यावा म्हणून संवाद वगळून ही पट्टी तयार करतात.
(इ) चित्रपटाची प्रत. तिच्यात संवाद, संगीत आणि इतर आवाज एकत्र मिसळलेले असतात.
(ई) बाजारात आलेली तबकडी, कॅसेट किंवा सीडी.

आपण बहुधा फक्त (ई) मध्ये शोधतो. ‘द विकर मॅन’च्या बाबतीत तिथे काहीच नव्हते. १९९८ चा ट्रंक रेकॉर्ड्सचा अल्बम (आ) वरून तयार झाला. त्यामुळे त्याचा आवाज मोनो आहे आणि गाण्यांबरोबर दृश्यांतले इतर आवाजही ऐकू येतात. २००२ साली सिल्व्हा स्क्रीनने दुसरा अल्बम काढला. त्यासाठी या चित्रपटाचे सहायक संगीत दिग्दर्शक गॅरी कार्पेंटर यांनी जपून ठेवलेल्या स्टिरिओ टेप वापरल्या गेल्या. म्हणजे (अ) हा स्रोत कंपनीकडे नव्हे, तर एका माणसाकडे टिकून होता.

३. कोणती आवृत्ती?

हा चित्रपट प्रदर्शित करताना कापून सुमारे ८७ मिनिटांचा केला होता. त्याआधीची आवृत्ती सुमारे ९९ मिनिटांची होती. ‘जेंटली जॉनी’ हे गाणे या काटछाटीत गेले. छोटी आवृत्ती कितीही वेळा पाहिली तरी ते सापडणार नाही. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी चित्रपटाच्या किती आवृत्त्या आहेत आणि प्रत्येकीची लांबी किती, ते टिपून घ्या.

४. नावांचा घोळ

‘विलोज साँग’ या गाण्यात पडद्यावर ब्रिट एकलंड दिसते, पण गाण्याचा आवाज तिचा नाही. पार्श्वगायनाची सवय असलेल्या आपल्याला याचे नवल वाटणार नाही; तरीही अभिनेत्रीच्या नावाने शोधले तर वाट चुकते. ‘कॉर्न रिग्स’चे शब्द रॉबर्ट बर्न्स या अठराव्या शतकातल्या स्कॉटिश कवीच्या कवितेवरून घेतले आहेत. केवळ शब्दांवरून शोधले, तर दुसऱ्याच चालीतली, दुसऱ्याच गायकांची गाणी समोर येतात. म्हणून संगीतकार, गायक, वर्ष आणि तबकडीचा क्रमांक अशी वेगवेगळी माहिती जुळवून पाहा.

५. सापडलेले गाणे तेच आहे का?

इथे थोडे गणित लागते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बहुधा २५ चौकटींनी चालवला जातो. वेग २५/२४ पट, म्हणजे सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे १८० सेकंदांचे गाणे १७२.८ सेकंदांत संपते आणि पट्टी दुरुस्त केली नसेल, तर सूर सुमारे ०.७ अर्धस्वराने चढतो. गाण्याची लांबी जुळत नाही म्हणून लगेच ‘हे वेगळे ध्वनिमुद्रण आहे’ असे ठरवू नका; आधी हा गुणोत्तराचा हिशेब करा.

स्पेक्ट्रोग्रामही पाहा. फिल्मच्या कडेला असलेल्या जुन्या ऑप्टिकल ध्वनिपट्टीत उच्च कंप्रता फारशा उरत नाहीत. फाइल ९६ किलोहर्ट्झची आहे, पण साधारण ८ किलोहर्ट्झच्या वर जवळजवळ काहीच दिसत नसेल, तर ती मूळ टेपवरून केलेली नसावी. सॅम्पलिंगचा दर वाढवून गेलेली माहिती परत येत नाही.

६. भारतीय गाण्यांसाठी

हिंदी गाण्यांसाठी हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ पाहा. त्यात चित्रपटागणिक गाण्यांच्या नोंदी आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. तिथे चित्रपटांच्या प्रतींबरोबर गाण्यांच्या छापील पुस्तिकाही जपल्या जातात. चित्रपटाची प्रत हरवली तरी अशा पुस्तिकेवरून कोणती गाणी होती ते कळते.

मात्र प्रत्येक शोध यशस्वी होतोच असे नाही. ‘आलम आरा’ या १९३१ च्या पहिल्या भारतीय बोलपटात सात गाणी होती. त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत आणि चित्रपटाची प्रतही उपलब्ध नाही. (अ) ते (ई) यांपैकी एकही स्रोत उरला नाही, की मूळ ध्वनिमुद्रण कायमचे जाते.

तेव्हा घरात किंवा ओळखीच्या वादकाकडे जुनी टेप दिसली, तर ती टाकून देऊ नका. तिच्यावर काय लिहिले आहे त्याचा फोटो काढा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराकडून डिजिटल प्रत करून घ्या. त्या गाण्याची दुसरी प्रत कुठेही नसेल, अशी शक्यता असते.

स्वाध्याय

१. २४ चौकटींच्या वेगाने ४ मिनिटे १० सेकंद चालणारे गाणे २५ चौकटींच्या वेगाने किती वेळ चालेल?
२. तुमच्या भाषेतल्या १९७५ पूर्वीच्या एका चित्रपटाचे दुर्मिळ गाणे निवडा. वरील चारपैकी कोणकोणते स्रोत त्याच्यासाठी आज उपलब्ध आहेत, याचा तक्ता करा.