ज्योतीचा जमाखर्च

महेंद्रगिरी येथे 28 मार्च 2025 रोजी रॉकेटच्या सेमीक्रायोजेनिक इंजिनाच्या ‘पॉवर हेड’ची अडीच सेकंदांची तप्त चाचणी यशस्वी झाली, ही वार्ता सर्वश्रुत आहे; परंतु द्रव ऑक्सिजन आणि केरोसीन यांचे मुख्य ज्वलन जेथे व्हावयाचे तो दहनकक्ष या चाचणीत नव्हताच, आणि 2023 च्या जुलैमध्ये दोन सेकंदांच्या सुमारास टर्बाइनचा दाब अकस्मात उसळून चाचणी थांबवावी लागली होती, हे ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना, संगणकाने हे सारे आधीच का वर्तवू नये, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

उत्तर ज्योतीच्या जाडीत आहे. मिथेनची ज्योत नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, दाब वाढला की आणखी पातळ होते; ती टिपायची, तर गणनबिंदूंचे जाळे तिच्याहूनही बारीक लागते. आणि कोल्मोगोरोव्ह यांच्या 1941 च्या सिद्धांतानुसार प्रवाहाची खळबळ दर्शवणारा रेनॉल्ड्स अंक दसपट झाला, की प्रत्येक भोवरा टिपण्यास लागणारे गणनबिंदू सुमारे 178 पट होतात. त्यावर रसायनाचा बोजा निराळाच: मिथेनसारख्या साध्या इंधनासाठीही ‘जीआरआय-मेक 3.0’ या आराखड्यात 53 घटक आणि 325 अभिक्रिया आहेत. म्हणून मोठ्या भोवऱ्यांचे गणन करून लहानांचा परिणाम अनुमानाने धरण्याचा प्रघात पडला. पण इंधन जळते ते नेमके त्या लहानांच्याच मुलुखात, त्यामुळे हिशेबाची मुख्य रक्कमच अनुमानाच्या खात्यात पडते.

या अनुमानाची खातरजमा करायची, तर खऱ्या ज्योतीचीच साक्ष काढावी लागते. कॅलिफोर्नियातील सँडिया प्रयोगशाळेत बार्लो आणि फ्रँक यांनी मोजलेली ‘ज्योत डी’ ही अशीच एक साक्षीदार: 7.2 मिलिमीटर व्यासाच्या नळीतून एक भाग मिथेन आणि तीन भाग हवा यांचा झोत सुटतो, भोवतीचे लहान ज्वाळांचे कडे त्याला विझू देत नाही, आणि लेझरच्या प्रकाशात तापमान व घटक एकाच ठिकाणी, एकाच क्षणी मोजले जातात. झोताचा वेग वाढवीत ‘ई’ आणि ‘एफ’ या ज्योतींपर्यंत गेले, की ज्वाला जागोजाग विझते व पुन्हा पेटते. ‘डी’शी जुळलेली गणितेही तेथे डळमळू लागतात. ही मोजमापे जगाला खुली केली गेली, आणि 1996 पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळांत देशोदेशींच्या संशोधकांनी आपापली गणिते त्यांच्या कसोटीवर लावली; या शास्त्राची खरी प्रगती मला त्या खुल्या दप्तरात दिसते.

महासंगणकांच्या खरेदीस मंजुरी देताना आपल्या शासनाने आणि विद्यापीठांनी अशा मोजमापांसाठी, व ती खुली ठेवण्यासाठीही, तितक्याच आस्थेने तजवीज करावी. कारण जी ज्योत कोणी मोजलेली नाही, तिच्याविषयीच्या गणिताला दाखला नसतो.