रेषेची ताकद : फ्रेंच बोधचित्रकारांची दोन शतके

पुस्तकातील मजकुरासोबत छापल्या जाणाऱ्या चित्रांसाठी मराठी प्रकाशनव्यवहारात 'आतील सजावट' हा शब्द रूढ आहे. त्यामुळे चित्र म्हणजे मजकुराला जोडलेले शोभेचे अंग, असा समज होतो. फ्रान्समधील बोधचित्रकारांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. तेथे छापील चित्राची ताकद राज्यसत्तेने प्रथम ओळखली. कलाक्षेत्रातील मानाच्या संस्थांनी ती पूर्णपणे मान्य करण्यास त्यानंतर जवळजवळ दोन शतके लागली.

दगडावरची रेषा

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिळाछपाईचे तंत्र फ्रान्समध्ये रुजले. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढून दगड ओला केला जातो आणि त्यावर शाई फिरवली जाते. ओला भाग शाई धरत नाही. रेषा तेवढी शाई घेते. राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयातून घरोघरी पोहोचलेली देवदेवतांची चित्रे याच तंत्राच्या रंगीत प्रकाराने छापलेली होती. या पद्धतीत मध्ये कोरक्याची गरज नसल्याने चित्रकाराच्या हातची रेषा जशीच्या तशी आणि लवकर वाचकापर्यंत जाऊ लागली.

या सोयीचा पुरेपूर उपयोग ओनोरे दोमिए (१८०८-१८७९) यांनी केला. त्यांनी राजा लुई फिलिप याला गरिबांचा पैसा गिळणाऱ्या अवाढव्य राक्षसाच्या रूपात दाखवले. या चित्राबद्दल १८३२ मध्ये त्यांना सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. एप्रिल १८३४ मध्ये पॅरिसच्या त्रान्सनोनें रस्त्यावरील एका घरात सैनिकांनी रहिवाशांना ठार केले. दोमिए यांनी त्या घटनेचे चित्र काढले. मात्र त्यात एकही सैनिक नाही. पलंगाशेजारी रात्रीच्या कपड्यांतच कोसळलेला पुरुष आणि त्याच्या देहाखाली दबलेले बालक दिसते. कोणतीही अतिशयोक्ती नसल्यामुळेच हे चित्र आजही अस्वस्थ करते.

पुढच्याच वर्षी, १८३५ मध्ये, सरकारने कायदा करून चित्र छापण्यापूर्वी परवानगी घेणे बंधनकारक केले. लिखित मजकुराला मात्र अशी पूर्वपरवानगी लागत नव्हती. लेख वाचणाऱ्यालाच कळतो, चित्र निरक्षरालाही कळते, ही भीती त्यामागे होती. मधली काही वर्षे वगळता हे बंधन २९ जुलै १८८१ च्या मुद्रणस्वातंत्र्य कायद्यापर्यंत टिकले.

लोकप्रियता मिळाली, मान नाही

ग्युस्ताव्ह दोरे (१८३२-१८८३) यांची कहाणी निराळी आहे. दांतेच्या 'इन्फर्नो'ची मोठ्या आकाराची सचित्र आवृत्ती काढण्यास प्रकाशक कचरत होते. दोरे यांनी १८६१ मध्ये ती स्वखर्चाने काढली आणि ती अत्यंत यशस्वी ठरली. पेरोच्या परीकथा, 'डॉन किहोते' आणि बायबल यांनाही त्यांनी चित्ररूप दिले. दोरे लाकडी ठोकळ्यावर चित्र काढत आणि कुशल कोरके ते कोरत. गडद अंधार आणि त्यातून फुटणारा प्रकाश हे त्यांच्या चित्रांचे वैशिष्ट्य होय. एवढी कीर्ती मिळूनही फ्रान्समधील समीक्षकांनी त्यांना थोर रंगचित्रकार मानले नाही आणि ही खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली.

याच काळात ज्युल शेरे यांनी रंगीत शिळाछपाईतून भित्तिपत्रकाला कलेचे रूप दिले. त्यांच्यामागून तुलूझ-लोत्रेक यांनी १८९१ मध्ये 'मूलँ रूज' या नृत्यगृहाचे भित्तिपत्रक केले आणि पॅरिसच्या भिंती हेच एक चित्रदालन बनले.

चित्रकारच लेखक

विसाव्या शतकात चित्र आणि शब्द एकाच हाताचे होऊ लागले. जाँ द ब्रुनोफ यांचे 'बाबार' हे पुस्तक १९३१ मध्ये आले. त्यांच्या पत्नीने मुलांना सांगितलेल्या हत्तीच्या गोष्टीतून ते साकारले. त्यातील मजकूरही हस्ताक्षराच्या वळणाने छापलेला असल्याने अक्षर आणि चित्र एकजीव वाटतात.

रने गोसिनी यांच्या छोट्या निकोलाच्या कथांना रूप देणारे जाँ-जाक सांपे (१९३२-२०२२) यांनी 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाची शंभराहून अधिक मुखपृष्ठे केली. प्रचंड शहर आणि त्यात एखादा इवलासा माणूस, हा त्यांचा आवडता विषय. स्ट्रासबुर्ग येथे जन्मलेले तोमी उंगेरर (१९३१-२०१९) यांनी मुलांना भीतीपासून लपवून न ठेवता तिच्याकडे हसत पाहायला शिकवले. त्यांना १९९८ मध्ये हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला.

जखम आणि सन्मान

७ जानेवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो' या साप्ताहिकाच्या कार्यालयावर झालेल्या हल्ल्यात १२ जण ठार झाले. काब्यू, शार्ब, ओनोरे, तिन्यूस आणि वोलिन्स्की हे व्यंगचित्रकार त्यांत होते. त्या दिवशी पोहोचण्यास उशीर झाल्याने कातरीन मरिस बचावल्या. या धक्क्यातून सावरण्याची कथा त्यांनी २०१६ मध्ये 'ला लेजेर्ते' या चित्रग्रंथात सांगितली. जानेवारी २०२० मध्ये फ्रान्सच्या ललितकला अकादमीवर त्यांची निवड झाली. हा मान मिळालेल्या त्या पहिल्याच चित्रकथाकार होत.

दोमिए यांच्या कारावासापासून या निवडीपर्यंत १८८ वर्षे गेली. म्हणूनच या चित्रकारांचे काम पाहताना चित्र सुंदर आहे का, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. मजकूर बाजूला ठेवून चित्राकडे पाहावे आणि शब्दांनी न सांगितलेले असे रेषेने काय सांगितले, हे शोधावे. त्रान्सनोनेंच्या चित्रात न दिसणारे सैनिक ज्याला जाणवतात, त्याला ही कला सजावट वाटणार नाही.