रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

रात्री दुकान बंद करून रोकड घरी नेणाऱ्या एका स्नेह्यांनी मला विचारले, ‘रिव्हॉल्व्हर घेऊ की पिस्तूल?’

सामान्य माणसाला परवान्यावर मिळते ते बहुधा .३२ बोअरचे हत्यार. रिव्हॉल्व्हरची रचना साधी. एखादे काडतूस उडाले नाही, तर पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते. पिस्तुलात गोळ्या अधिक मावतात. पण काडतूस अडकले तर ते हाताने मोकळे करावे लागते. घाबरलेल्या हाताला ते जमेलच असे नाही.

परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात, तोही पोलीस चौकशीनंतर. २०१६ च्या नियमांनुसार प्रशिक्षणही हवे. कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो. पण गरजेपुरत्याच बळाचा. पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल, तर तो हक्क उरत नाही.

हे सांगून मी म्हटले, ‘शेठ, घरात नातू आहे. थकून आल्यावरही रोज न चुकता गोळ्या काढून हत्यार कुलपात ठेवाल?’

ते गप्प झाले. दुसऱ्या दिवसापासून रोकड दुपारीच बँकेत जाऊ लागली.