लॅपटॉपची झोपमोड कोण करतं?

बॅटरी लवकर उतरली की आपण आधी बॅटरीलाच दोष देतो. प्रोसेसरला काम नसलं की तो गाढ झोपतो आणि वीज अगदी कमी खातो. पण एखादा प्रोग्राम सेकंदाला शंभरदा ‘काही नवीन आलं का?’ म्हणून त्याला उठवत राहिला, तर झोप लागणार कशी? सीपीयूच्या टक्केवारीत असा प्रोग्राम जेमतेम दिसतो, म्हणून सुटतो.

लिनक्ससाठी इंटेलने २००७ मध्ये आणलेलं ‘पॉवरटॉप’ नेमकं हेच मोजतं : कोणी सेकंदाला किती वेळा उठवलं. मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला ‘आयडल वेक अप्स’ हा रकाना पाहा.

बेळगावच्या माझ्या भाचीचा ऑनलाइन क्लास वीज गेली की बॅटरीवरच चालतो. ती नवी बॅटरी घ्यायला निघाली होती. आम्ही एकेक प्रोग्राम बंद करून पुन्हा पुन्हा मोजलं. सापडलं ते गाण्यांचं अ‍ॅप, खिडकी बंद केली तरी मागे जागंच! लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीतून ते काढलं आणि बॅटरीचा खर्च वाचला.

तुम्हीही पैसे मोजण्याआधी हे आकडे मोजा.