शोधातला पैसा (भाग ४) : फुकटचे प्रश्न, कमाईचे प्रश्न

मागच्या भागात आपण गूगलचा जाहिरातींचा लिलाव पाहिला. जाहिरातीवर कोणी क्लिक केलं तरच जाहिरातदाराने पैसे मोजायचे, ही त्याची मेख. चॅटबॉट या लिलावाच्या मुळावर येतील का, ते आता पाहू.

बाजाराने ही भीती दोनदा ठळकपणे दाखवली. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी गूगलच्या ‘बार्ड’ या चॅटबॉटने जेम्स वेब दुर्बिणीबद्दल चुकीचं उत्तर दिल्याचं उघड झालं आणि गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिच्या बाजारमूल्यातून एका दिवसात सुमारे १०० अब्ज डॉलर गेले. ७ मे २०२५ रोजी ॲपलचे अधिकारी एडी क्यू यांनी गूगलवरच्या मक्तेदारीच्या खटल्यात सांगितलं, की ॲपलच्या सफारी ब्राउझरवरून होणारे शोध एप्रिलमध्ये पहिल्यांदाच घटले. शेअर पुन्हा ७ टक्क्यांहून जास्त पडला. मधल्या काळात शोधाचं उत्पन्न मात्र वाढतच होतं : २०२३ मध्ये सुमारे १७५ अब्ज डॉलर, २०२४ मध्ये १९८ अब्ज.

शोध घटले म्हणजे उत्पन्न घटलं, असं का होत नाही? कारण सगळे प्रश्न सारख्या किमतीचे नसतात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक कधी झाला, हे विचारणाऱ्याकडून गूगलला दमडीही मिळत नाही. ‘ठाण्यात गृहकर्ज’ असं टाइप करणाऱ्यासाठी मात्र बँका एकमेकींवर बोली चढवतात. सुमारे ८० टक्के शोधांमध्ये निकालांच्या वर एकही जाहिरात नसते, असं गूगलनेच सांगितलं आहे. चॅटबॉटकडे आधी वळले ते बहुतांशी हे फुकटचे प्रश्न : निबंध, व्याख्या, गणितं, प्रोग्रामिंग. म्हणून ‘लोक गूगल सोडताहेत’ एवढ्या बातमीवर शेअर विकणं मला घाईचं वाटतं.

पण निर्धास्तही राहू नये. सवय एकदा लागली की ती फुकटच्या प्रश्नांपाशी थांबत नाही. आज मुलाचा गृहपाठ चॅटजीपीटीला विचारणारी आई उद्या त्यालाच विचारेल, की कोणता फ्रिज घेऊ? तो प्रश्न कमाईचा आहे. गूगलच्या निकालांत अनेक दुकानदारांना जागा मिळते. चॅटबॉटचं उत्तर एकच आलं, तर बोली कोण कोणावर चढवणार? गूगल स्वतःच्या एआय उत्तरांतही जाहिराती बसवतं आहे, पण तिथे क्लिकला पूर्वीसारखा भाव मिळेल का, याकडे माझं सर्वात जास्त लक्ष आहे.

दुसरी काळजी खर्चाची. साध्या शोधापेक्षा चॅटबॉटचं उत्तर दहापट महाग पडू शकतं, असं अल्फाबेटचे अध्यक्ष जॉन हेनेसी २०२३ च्या सुरुवातीला म्हणाले होते. तेव्हापासून हा खर्च बराच उतरला, पण डेटा सेंटर आणि चिप यांवरचा खर्च उलट फुगला. अल्फाबेटचा भांडवली खर्च २०२३ मध्ये सुमारे ३२ अब्ज डॉलर होता, २०२४ मध्ये ५२ अब्जांच्या पुढे गेला. हा सगळा पैसा त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होत नाही, घसाऱ्याच्या रूपाने पुढची अनेक वर्षं होत राहतो. आज नफा छान दिसतो म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी रोख प्रवाह पत्रकातली भांडवली खर्चाची ओळ आधी वाचावी. पराग पारिख फ्लेक्सी कॅपसारख्या फंडातून अल्फाबेटचे अप्रत्यक्ष भागधारक झालेले मराठी वाचकही थोडे नाहीत, म्हणून हे आवर्जून सांगतो.

तिसरी काळजी म्हणजे ‘ट्रॅफिक ॲक्विझिशन’ खर्च. आपलंच शोधयंत्र आधीपासून लावलेलं असावं म्हणून गूगल इतरांना पैसे मोजतं. सफारीसाठी एकट्या ॲपलला २०२२ मध्ये २० अब्ज डॉलर दिल्याचं न्यायालयीन कागदपत्रांतून बाहेर आलं. ग्राहकाने ब्राउझर न उघडता थेट चॅटबॉटचं ॲप उघडलं, तर या पैशांनी राखलेली वाट ओस पडते. ५ ऑगस्ट २०२४ रोजी त्याच खटल्यात अमेरिकी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना त्यांनी असे पैसे देण्याची मुभा ठेवली, पण एकाधिकाराचे करार बंद केले आणि शोधाची काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितलं. त्या निकालपत्रात चॅटबॉटचा विचार कसा झाला, ते पुढच्या आठवड्यात पाहू.